हजरत याकूब (अ.) : सुंदर सब्र आणि डोळस भरवसा

परक्या माणसाने फसवले तर आपण चार लोकांना सांगतो, न्याय मागतो आणि पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. परंतु फसवणारा आपल्याच रक्ताचा असेल तर? ज्याला अंगाखांद्यावर खेळवले, त्याच मुलाने डोळ्यांत पाणी आणून धडधडीत खोटे सांगितले तर? तक्रार कोणाकडे करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर एका दस्तरख्वानावर बसून घास कसा गिळायचा? हा प्रश्न अल्लाहच्या एका महान पैगंबराच्या घरात उभा राहिला होता. त्यांचे नाव ह. याकूब (अलैहिस्सलाम).

सूरह यूसुफ आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. विहीर, मिसरचा बाजार, तुरुंग आणि अखेरीस राज्याच्या खजिन्याचा अधिकार, हा मुलाचा प्रवास आपल्या लक्षात राहतो. या सूरहमध्ये आणखी एक व्यक्ती प्रारंभापासून अंतापर्यंत आहे. ती बहुतांश काळ एकाच जागी, आपल्या घरात आहे. ना तिच्या हाती सत्ता, ना तिच्यापाशी फौज. ती व्यक्ती म्हणजे यूसुफ (अ.) यांचे वडील. आज त्यांच्या जीवनाकडे पाहू या.

वंश आणि घर

ह. याकूब (अ.) हे ह. इसहाक (अ.) यांचे पुत्र आणि ह. इब्राहीम (अ.) यांचे नातू. फरिश्ते पाहुण्यांच्या रूपात ह. इब्राहीम (अ.) यांच्या घरी आले, तेव्हा त्यांनी वृद्ध सारा (अ.) यांना इसहाकच्या जन्माची आणि इसहाकनंतर याकूबचीही शुभवार्ता दिली, असे कुरआन सांगतो. म्हणजे वडिलांच्या जन्माआधीच मुलाचे नाव घरात पोहोचले होते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी यूसुफ (अ.) यांचा उल्लेख थोरांच्या पोटी जन्मलेला थोर असा करून चार पिढ्यांची नावे घेतली आहेत : यूसुफ, याकूब, इसहाक, इब्राहीम. याकूब (अ.) यांचेच दुसरे नाव इस्राईल. त्यांच्या संततीला बनी इस्राईल म्हणतात ते यामुळेच.

त्यांचे कुटुंब कनआन, म्हणजे आजच्या पॅलेस्टाईनच्या प्रदेशात, उघड्या माळरानात गुरे-मेंढ्या राखून राहत होते. त्यांना १२ पुत्र होते. त्यांपैकी यूसुफ आणि बिन्यामीन हे दोघे एका मातेचे, वयाने लहान. उरलेले १० जण मोठे, अंगाने बळकट, काम करते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बायबलच्या उत्पत्ति या पुस्तकात असे कथन आहे की तरुणपणी याकूबने आपल्या वृद्ध, दृष्टी गेलेल्या वडिलांना फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद मिळवला. कुरआनमध्ये अशी कोणतीही घटना नाही. अल्लाहचे पैगंबर अशा वर्तनापासून सुरक्षित ठेवले गेले आहेत, ही आपली श्रद्धा आहे. म्हणून ते कथन आपण स्वीकारत नाही. कुरआनने आपल्यासमोर ठेवलेले याकूब (अ.) फसवणारे नाहीत, फसवणूक सोसणारे आहेत.

स्वप्न आणि मत्सर

बालक यूसुफने एक स्वप्न पाहिले. ११ तारे, सूर्य आणि चंद्र आपल्यापुढे नतमस्तक झाले आहेत. मुलाने ते वडिलांना सांगितले. वडिलांनी अर्थ ओळखला : अल्लाहने या मुलाची निवड केली आहे. त्याच क्षणी त्यांनी मुलाला सावध केले की हे स्वप्न भावांना सांगू नकोस, ते तुझ्याविरुद्ध डाव रचतील. शैतान माणसाचा उघड शत्रू आहे.

वाचकहो, या सल्ल्याकडे नीट लक्ष द्या. याकूब (अ.) यांचा अल्लाहवर पूर्ण भरवसा होता, तरीही आपल्या मुलांच्या मनात काय शिजू शकते याची त्यांना जाणीव होती. तवक्कुल म्हणजे डोळे मिटून घेणे, असा समज आपल्यात फार पसरला आहे. पैगंबरांचा तवक्कुल तसा नव्हता.

मोठ्या मुलांची तक्रार होती की आम्ही एवढा मोठा जथा असूनही वडिलांना यूसुफ आणि त्याचा भाऊच अधिक प्रिय आहेत. यावर कोणी विचारील, वडिलांनी खरोखर भेदभाव केला होता काय? बायबलमध्ये यूसुफला दिलेल्या एका खास अंगरख्याचा उल्लेख येतो. कुरआनमध्ये अशी कोणतीही देणगी नाही. अंतःकरणातील ओढ माणसाच्या हाती नसते, देणे-घेणे मात्र त्याच्या हाती असते, आणि शरीअत जाब विचारते ती देण्याघेण्याचा. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी या एकाच मुलाला काही देणगी देऊन प्रेषितांना (सल्ल.) साक्षी राहण्याची विनंती केली. सर्व मुलांना तसेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी (सल्ल.) विचारले. उत्तर नाही असे येताच त्यांनी साक्षी होण्यास नकार दिला आणि संततीत न्याय राखण्याची आज्ञा केली. मुलाला दुकान आणि मुलीला केवळ आहेर देऊन गप्प बसवणाऱ्या आपल्या घरांनी ही हदीस पुनःपुन्हा वाचावी.

मत्सर मात्र कारण शोधतच असतो. भावांनी खलबत केले. ठार मारावे किंवा कुठे दूर टाकून द्यावे, आणि त्यानंतर चांगली माणसे होऊन राहावे, असा त्यांचा बेत ठरला. पाप करण्याआधीच तौबेची तारीख ठरवून ठेवणारे असे मन आपल्यालाही अनोळखी नाही. त्यांच्यातील एकाने हत्येला विरोध करून यूसुफला खोल विहिरीत टाकण्याचे सुचवले, म्हणजे एखादा काफिला त्याला उचलून नेईल.

रक्ताने माखलेला सदरा

मुले वडिलांकडे आली आणि आपल्यावर विश्वास का नाही, असे लाडीगोडीने विचारू लागली. उद्या त्याला आमच्याबरोबर पाठवा, तो खाईल, खेळेल, आम्ही त्याला जपू. वडिलांनी आपल्या मनातील दोन्ही गोष्टी सांगितल्या : त्याला नेण्याने मला दुःख होते, आणि तुम्ही बेसावध असताना लांडगा त्याला खाईल अशी मला भीती वाटते. अखेर त्यांनी पाठवले.

रात्र पडत असताना मुले रडत परतली. आम्ही शर्यत लावण्यात गुंग होतो, यूसुफला सामानापाशी बसवले होते, लांडग्याने त्याला खाल्ले. वडिलांच्या तोंडून निघालेली भीतीच मुलांनी बहाणा म्हणून उचलली. पुढे त्यांनी स्वतःच म्हटले की आम्ही खरे बोललो तरी तुम्ही मानणार नाही. मनातील चोर असा आपल्या तोंडानेच बाहेर पडतो. पुरावा म्हणून त्यांनी यूसुफचा सदरा पुढे केला. त्यावर खोटे रक्त होते.

जुन्या भाष्यकारांनी नोंदवले आहे की तो सदरा कोठेही फाटलेला नव्हता. मुलाला फाडून खाणाऱ्या लांडग्याने त्याच्या अंगावरचे वस्त्र मात्र जपून उतरवले होते!

येथे कुरआन आणि बायबल यांच्या कथनात एक मोठा फरक आहे. बायबलमध्ये वडील रक्ताळलेला अंगरखा पाहून मुलाला हिंस्र श्वापदाने खाल्ले असे खरे मानतात आणि त्याच्या मृत्यूचा शोक करतात. कुरआनमधील याकूब (अ.) ते खोटे तत्काळ ओळखतात. तुमच्या मनाने तुमच्यासाठी एक गोष्ट रचली आहे, असे ते मुलांना तोंडावर सांगतात. त्यानंतर सुंदर सब्र करण्याचा निर्धार आणि अल्लाहकडेच मदतीची याचना, एवढेच.

हा फरक लहान नाही. खोटे खरे मानून रडणाऱ्या पित्याला केवळ मृत्यूचे दुःख असते. खोटे ओळखणाऱ्या पित्याला दुहेरी दुःख असते : एक मुलगा हरवला, आणि १० मुले खोटारडी निघाली. ती दहाही समोर उभी आहेत, भाकर मागणार आहेत, उद्या मेंढ्या घेऊन रानात जाणार आहेत.

अशा वेळी आपण काय करतो? एक तर कलह नको म्हणून खोटे खरे मानल्याचे सोंग घेतो, किंवा त्या मुलाचे तोंड पाहणार नाही अशी शपथ घेतो. याकूब (अ.) यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी खोट्याला खोटे म्हटले आणि खोटे बोलणाऱ्यांना घरातही ठेवले. सब्रे जमील, म्हणजे सुंदर सब्र, याचा अर्थ विद्वानांनी असा सांगितला आहे की ज्यात लोकांपुढे गाऱ्हाणे नाही आणि अल्लाहच्या निर्णयावर रोष नाही, असा सब्र. शतके लोटली, मदीनेत ह. आयशा (रजि.) यांच्यावर घोर आळ घेतला गेला, तेव्हा त्यांना हाच आदर्श आठवला. दुःखाच्या भरात याकूब (अ.) यांचे नावही ओठांवर येईना, तेव्हा त्यांनी यूसुफचे वडील एवढेच म्हटले आणि त्यांचाच सब्र आपला मानला.

दुसऱ्यांदा मागितलेला विश्वास

वर्षे गेली. यूसुफ (अ.) मिसरमध्ये विकले गेले, अझीझच्या घरी वाढले, निरपराध असून कित्येक वर्षे तुरुंगात राहिले. राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगून ते मुक्त झाले आणि धान्यभांडाराचे प्रमुख बनले. सुबत्तेची ७ वर्षे सरली आणि दुष्काळ पडला. त्याची झळ कनआनपर्यंत पोहोचली. याकूब (अ.) यांचे पुत्र धान्यासाठी मिसरला गेले. यूसुफ (अ.) यांनी भावांना ओळखले, त्यांनी मात्र ओळखले नाही. पुढच्या खेपेस धाकट्या भावाला आणले नाही तर धान्य मिळणार नाही, अशी अट त्यांनी घातली.

मुलांनी घरी येऊन बिन्यामीनला मागितले, आणि आम्ही त्याला जपू हे पूर्वीचेच शब्द उच्चारले. वडिलांनी विचारले की याच्या भावाबाबत पूर्वी जसा विश्वास ठेवला, तसाच आता ठेवू काय? लगेच त्यांनी आपला खरा आधारही सांगितला : सर्वश्रेष्ठ रक्षक अल्लाह आहे आणि तो सर्वांहून अधिक दयाळू आहे. माणसांवरचा विश्वास एकदा मोडला होता. अल्लाहवरचा विश्वास त्यामुळे तसूभरही हलला नाही. आपण या दोहोंची गल्लत करतो. भाऊ फसवतो, भागीदार बुडवतो, आणि आपण नमाज सोडून बसतो, जणू अल्लाहनेच फसवले!

तरीही त्यांनी मुलगा तसाच सोपवला नाही. अल्लाहच्या नावाने पक्के वचन घेतले. त्या वचनात एक सूटही ठेवली : तुम्ही सर्व जण घेरले गेलात तर गोष्ट वेगळी. जे माणसाच्या शक्तीबाहेर आहे त्याला बांधील धरायचे नाही, हा न्याय त्यांनी ज्यांनी फसवले त्यांनाही दिला. निघताना त्यांनी सांगितले की शहरात एका दाराने जाऊ नका, निरनिराळ्या दारांनी जा. एवढे धडधाकट भाऊ एकत्र पाहून कोणाची दृष्ट लागेल किंवा कोणी संशय घेईल, असे भाष्यकारांनी यामागचे कारण सांगितले आहे. त्याच दमात ते हेही म्हणाले की अल्लाहच्या इच्छेपुढे माझा हा उपाय काहीही करू शकत नाही, निर्णय केवळ त्याचा. उपाय हाताने करायचा आणि भरवसा अल्लाहवर ठेवायचा. उंट आधी बांध आणि मग तवक्कुल कर, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण याच मार्गावरची आहे.

डोळे आणि अश्रू

पुढचा आघात अधिक कठोर होता. मिसरमध्ये बिन्यामीनच्या सामानात राजाचे पात्र सापडले आणि त्याला अडकवून ठेवण्यात आले. थोरला भाऊ वडिलांना दिलेल्या वचनाच्या लाजेने तेथेच थांबला. बाकीचे घरी आले आणि सांगू लागले की आपल्या मुलाने चोरी केली. या वेळी ते जे दिसले तेच सांगत होते. काफिल्याला विचारा, त्या वस्तीला विचारा, असे विनवत होते. परंतु वडिलांनी उत्तर दिले तेच, जे सदरा पाहून दिले होते. एकदा रक्ताचा खोटा डाग दाखवणाऱ्याचे खरेही खोटे वाटते. खोटेपणाची शिक्षा पुष्कळदा अशी, वर्षांनी मिळते.

या वेळी मात्र त्यांच्या बोलण्यात एक नवी आशा होती. अल्लाह त्या सर्वांना माझ्याकडे परत आणील. एक मुलगा कधीचा हरवलेला, दुसरा अडकलेला, तिसरा परदेशी थांबलेला. आणि वडील तिघांच्या परतण्याची वाट पाहू लागले. जखम जेवढी खोल गेली, तेवढी आशा मोठी झाली.

मग त्यांनी मुलांकडून तोंड फिरवले. यूसुफचे नाव घेऊन एक आर्त उसासा त्यांच्या मुखातून निघाला. शोकाने त्यांचे डोळे पांढरे झाले होते. घरातल्यांनी बोल लावला की यूसुफच्या आठवणीत आपण झिजून जाल, प्राण गमावाल. त्यांनी उत्तर दिले की मी माझ्या दुःखाचे गाऱ्हाणे अल्लाहपाशीच मांडतो, आणि अल्लाहकडून मला जे ठाऊक आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. ते बालपणीचे स्वप्न अजून पूर्ण व्हायचे होते, हे त्यांना ठाऊक होते.

सब्र करणाऱ्याने रडू नये, असे काही जण समजतात. पैगंबराचे डोळे रडून गेले, तरी कुरआनने त्यांच्या सब्राला उणे लेखले नाही. आपल्या प्रेषितांच्या (सल्ल.) मांडीवर चिमुकल्या इब्राहीमने प्राण सोडले तेव्हा त्यांचेही डोळे वाहिले होते. अश्रू आणि गाऱ्हाणे यांत फरक आहे. ह. उमर (रजि.) फज्रच्या नमाजमध्ये सूरह यूसुफमधील याच ठिकाणी आले की इतके रडत की शेवटच्या रांगेतही त्यांचे हुंदके ऐकू येत.

दुःख अल्लाहपाशी मांडून याकूब (अ.) बसून राहिले नाहीत. त्यांनी मुलांना आज्ञा केली : जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या दयेविषयी निराश होऊ नका. कोणाला पाठवले? ज्यांनी हरवले त्यांनाच! विहिरीत ढकलणाऱ्या हातांनाच त्यांनी शोधाचे काम दिले. मुलांना परतण्याची वाट यातूनच मिळाली.

सुगंध आणि क्षमा

या खेपेस भाऊ मिसरच्या अधिकाऱ्यापुढे अगतिक होऊन उभे राहिले, तेव्हा यूसुफ (अ.) यांनी आपली ओळख दिली, त्यांना दोष न देता क्षमा केली आणि आपला सदरा वडिलांच्या मुखावर टाकण्यासाठी दिला. काफिला मिसरहून निघाला आणि इकडे दूर कनआनमध्ये याकूब (अ.) यांनी यूसुफचा सुगंध येत असल्याचे सांगितले. जवळच्यांनी तो जुनाच भ्रम मानला. शुभवार्ता घेऊन येणारा पोहोचला, सदरा मुखावर टाकला आणि दृष्टी परत आली. एके काळी एका सदऱ्याने पित्याला अश्रूंत लोटले होते. दुसऱ्या सदऱ्याने, अल्लाहच्या आज्ञेने, डोळ्यांना प्रकाश दिला.

आता मुले स्वतः पुढे आली. आपण अपराधी आहोत, आमच्यासाठी अल्लाहकडे क्षमा मागा, असे त्यांनी म्हटले. आजवर वडिलांनी त्यांच्याकडून कबुली ओढून काढली नव्हती. ती आपोआप आली. वडिलांनी सांगितले की मी लवकरच तुमच्यासाठी माझ्या पालनकर्त्याकडे क्षमेची प्रार्थना करीन. लगेच का नाही? काही भाष्यकारांच्या मते ते रात्रीच्या अंतिम प्रहराची, प्रार्थना स्वीकारली जाण्याच्या वेळेची वाट पाहत होते. काहींच्या मते ज्याच्यावर अन्याय झाला त्या यूसुफने क्षमा केली की नाही, हे त्यांना आधी जाणून घ्यायचे होते. या दुसऱ्या मतात आपल्यासाठी इशारा आहे. बहिणीचा वाटा दाबून ठेवून केलेला इस्तिगफार अपुरा आहे. ज्याचा हक्क मारला, त्याचे देणे आधी फेडावे लागते.

सारे कुटुंब मिसरला गेले. यूसुफ (अ.) यांनी आईवडिलांना सिंहासनावर बसवले, सर्व जण त्यांच्यापुढे झुकले आणि बालपणीचे स्वप्न खरे ठरले. असे झुकणे त्यांच्या शरीअतमध्ये आदराची रीत होती. आपल्या शरीअतमध्ये सजदा केवळ अल्लाहला. अल्लाहचे उपकार मोजताना यूसुफ (अ.) यांनी तुरुंगातून सुटल्याचा उल्लेख केला, विहिरीचा मात्र केला नाही. भावांची मान खाली जाऊ नये, एवढी काळजी त्या वेळीही त्यांना होती. हा मुलगा त्याच पित्याचा होता.

अंतिम प्रश्न

याकूब (अ.) यांच्या आयुष्याचा शेवटचा प्रसंग सूरह यूसुफमध्ये नाही, सूरह बकरामध्ये आहे. मृत्यू समोर असताना त्यांनी पुत्रांना जवळ बोलावले. कळप कोणाकडे राहील हे त्यांनी विचारले नाही. यूसुफला विहिरीत का टाकले, याचा जाबही मागितला नाही. त्यांनी विचारले की माझ्यानंतर तुम्ही कोणाची उपासना कराल? पुत्रांनी एकमुखाने सांगितले की आपल्या आणि आपले पूर्वज इब्राहीम, इस्माईल व इसहाक यांच्या त्याच एका ईश्वराची, आणि आम्ही त्यालाच समर्पित आहोत.

हेच ते पुत्र, ज्यांनी एका संध्याकाळी रडण्याचे सोंग केले होते. त्यांचे हे उत्तर मात्र खरे होते, आणि अल्लाहने ते आपल्या ग्रंथात जतन केले. पित्याने त्या संध्याकाळी त्यांना घराबाहेर काढले असते, तर या उत्तराच्या वेळी उशाशी कोण असते? बायबलमधील कथन आणि प्रचलित परंपरा यांनुसार याकूब (अ.) यांचे दफन त्यांच्या पूर्वजांजवळ, आजच्या अल-खलील शहरात झाले, तेथे इब्राहीमी मशीद उभी आहे.

वाचकहो, जमिनीच्या वाटणीवरून, दुकानाच्या हिशोबावरून, खोट्या सह्यांवरून आपल्या किती घरांत भाऊ भावाशी बोलत नाहीत! ईदच्या नमाजमध्ये एका रांगेत उभे राहतात आणि गळाभेट न घेता निघून जातात. अशा घरातल्या वडीलधाऱ्यांनी याकूब (अ.) यांच्याकडे पाहावे. खोट्याला खरे म्हणू नका, ते खोटेच आहे असे सांगा. पुढच्या व्यवहारात वचन घ्या, साक्षी ठेवा, सावध राहा. परंतु दार लावून घेऊ नका, कारण लावलेल्या दारातून कबुली आत येत नाही. घरातले दुःख चौकात नेऊ नका, सजद्यात न्या. आणि ज्या घरातल्या मुलांच्या हातून असा सदरा रंगवला गेला असेल, त्यांनी वडिलांचे डोळे मिटण्याआधी परत फिरावे. त्या १० भावांना ती संधी मिळाली. प्रत्येकाला मिळेलच असे नाही.

हे अल्लाह, आमच्या घरांना मत्सरापासून वाचव, आमच्या फसवल्या गेलेल्या मातापित्यांना सुंदर सब्र दे, फसवणाऱ्यांना तौबेची सद्बुद्धी दे, आणि आमच्या अंतिम घडीला आमच्या मुलांच्या ओठांवर याकूबच्या पुत्रांचे ते खरे उत्तर असू दे. आमीन.